कलमाच्या खोडाला टाचणीएवढी भोकं: भुंगेऱ्याला बोलावतं कोण?

पावसाळा लागला की मुंबईत फळझाडांच्या कलमांची खरेदी जोरात सुरू होते. गावच्या जागेत लावायला आंबा, काजू, चिकू. सोसायटीच्या कुंपणाशी पेरू, जांभूळ. गच्चीवरच्या ड्रममध्ये लिंबू, अंजीर आणि हल्लीची हौस म्हणून ॲव्होकॅडो. यातलं एखादं कलम ऑगस्टच्या सुमारास एकाएकी मान टाकतं. पानं गळतही नाहीत, हिरवी असतानाच लोंबतात आणि मग जागच्या जागी करपतात. खोडाकडे निरखून पाहिलं की टाचणीच्या डोक्याएवढी गोल, स्वच्छ भोकं दिसतात. कुणीतरी मुद्दाम बारीक ड्रिल मारावं इतकी नेटकी.

सांगोला-आटपाडी भागातल्या डाळिंब बागांच्या बातम्या गेल्या काही वर्षांत वाचल्या असतील, तर 'पिन होल बोअरर' हे नाव तुमच्या कानावर गेलेलं असेल. एरवी दुष्काळी असलेल्या त्या पट्ट्यात पाऊस लांबला, बागांत पाणी साचून राहिलं आणि मागोमाग खोडांना अशीच भोकं पडली. अनेकांना उभ्या बागा काढून टाकाव्या लागल्या. तिथला कोरडा माळ आणि आपली ओली मुंबई यांत साम्य काय, असं वाटेल. साम्य आहे ते मुळाशी तुंबलेल्या पाण्यात. भोकं पाडणारा भुंगेरा बहुतेक वेळा नंतर येतो. झाडाचं बिनसलेलं असतं ते त्याच्या आधीच. हा क्रम ध्यानात घेतला तर औषधावरचा बराचसा खर्च वाचतो, आणि कधीकधी झाडही.

हा कोण?

जेमतेम दोन मिलिमीटर लांबीचा, गडद तपकिरी किंवा काळा, दंडगोल अंगाचा भुंगेरा. तळहातावर घेतला तर सांडलेला चहाच्या पुडीचा कण समजून झटकून टाकाल. खोड पोखरणाऱ्या अशा छोट्या भुंगेऱ्यांच्या हजारो जाती जगभर आहेत. शास्त्रज्ञ त्यांना 'अँब्रोशिया भुंगेरे' म्हणतात. आपण नुसतं भुंगेरा म्हणू.

झाडावर हल्ला करते ती फक्त मादी. नर आकाराने लहान असतो, त्याला उडता येत नाही आणि तो सहसा जन्मल्या बोगद्याबाहेर पडत नाही. नव्या माद्यांचा आपल्या भावांशी संग बोगद्यातच उरकतो. त्यामुळे बाहेर उडालेली प्रत्येक मादी एकटीने नवं बिऱ्हाड थाटू शकते. नराशी गाठ पडलीच नाही तरी तिचं अडत नाही: तिच्या अफलित अंड्यांतून नर जन्मतात. म्हणून एखादी मादीसुद्धा नव्या जागी पुरेशी ठरते. लाकडाच्या पेट्या आणि रोपांच्या मालाबरोबर आशियातले हे भुंगेरे अमेरिका-युरोपापर्यंत पोचले, त्याचं एक कारण हेच.

लाकूड खात नाही, मग पोखरतो कशाला?

शेतीसाठी. हे अलंकारिक नाही, शब्दशः आहे.

मादीच्या अंगात एक बारीकसा कप्पा असतो आणि त्यात ती बुरशीचे बीजाणू घेऊन फिरते. खोडात बोगदा कोरायचा, भुसा मागे ढकलून बाहेर टाकायचा, बोगद्याच्या भिंतींवर बुरशी लावायची, तिची निगा राखायची, तिथेच अंडी घालायची. अळ्या वाढतात त्या या बुरशीवर. लाकूड म्हणजे फक्त जमीन आणि चार भिंती. उष्ण हवेत अंड्यापासून पूर्ण भुंगेरा व्हायला साधारण महिना-दीड महिना पुरतो.

हे पहिल्यांदा टिपलं गेलं तेही फळझाडांवरच. ऑस्ट्रियात फळबागा जोपासणारे धर्मगुरू जोसेफ श्मिडबर्गर यांना फळझाडाच्या खोडातल्या बोगद्यांत एक पांढुरका थर दिसला. १८३६ मध्ये त्यांनी त्याला अँब्रोशिया, म्हणजे ग्रीक देवांचं अन्न, असं नाव दिलं. तो थर बुरशीचा आहे हे थिओडोर हार्टिग यांनी १८४४ मध्ये ओळखलं. माणसाने नांगर धरला त्याच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून हे किडे शेती करताहेत, एवढं मात्र मान्य करायला हवं.

झाड दारू गाळतं

आता मुख्य मुद्दा. हजार कलमांच्या नर्सरीत भुंगेरा नेमक्या दहा झाडांवर बसतो आणि शेजारच्यांना शिवत नाही, असं का होतं?

मुळांना श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते, तिच्यातला प्राणवायू मुळं घेतात. पिशवीत पाणी तुंबलं की त्या पोकळ्या पाण्याने भरतात. प्राणवायू संपतो. पेशी लगेच मरत नाहीत. प्राणवायूशिवाय ऊर्जा काढायचा जुना, आडवळणाचा मार्ग धरतात. त्याला म्हणतात आंबणं. आणि आंबण्यातून तयार होतं इथेनॉल. पेट्रोलमध्ये मिसळतात तेच, दारूत असतं तेच. मुळांत तयार झालेलं हे इथेनॉल खोडातून वर चढतं आणि सालीतून वास होऊन हवेत मिसळतं. आपल्या नाकाला काही कळत नाही, भुंगेऱ्याच्या मिशांना कळतं. रानात हा वास म्हणजे 'इथे एक झाड मरायला टेकलंय' अशी खूण. अशा झाडाचा निकाल लावून ते मातीत परत घालायचं, हे या किड्यांचं रानातलं काम. नर्सरीतल्या पिशवीला तो नियम लावू नये, हे त्यांना कोण सांगणार?

हे अंदाजाने म्हटलेलं नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या संशोधकांनी कुंडीतली काही झाडं मुद्दाम पाण्यात बुडवून ठेवली आणि त्यांच्या शेजारी तशीच, पण नेमकं पाणी दिलेली झाडं ठेवली. काही दिवसांतच बुडालेल्या झाडांना भोकं पडू लागली. शेजारच्या झाडांकडे भुंगेरे फिरकले नाहीत. निरोगी झाडाच्या खोडात इथेनॉल टोचून पाहिलं, तर भुंगेरे तिथेही आले.

पण वास हे अर्धंच कारण. दुसरं अर्धं २०१८ मध्ये उलगडलं आणि ते मला जास्त आवडतं. लोणच्यात आपण मीठ भरपूर घालतो ते केवळ चवीला नाही. त्या खारटपणात नको ते जंतू तग धरत नाहीत आणि हवे ते निवांत वाढतात. भुंगेऱ्याच्या बोगद्यात ते काम इथेनॉल करतं. त्याच्या बागेत तण म्हणून शिरणाऱ्या इतर बुरशा इथेनॉलमुळे मागे पडतात आणि त्याने लावलेली बुरशी मात्र जोमाने वाढते. इथेनॉल नसलेल्या, धडधाकट झाडात त्याचं पीकच नीट येत नाही. म्हणजे तो आंबलेलं झाड शोधतो ते त्याचं पीक तिथे चांगलं येतं म्हणून. ते झाड दुबळं आणि सोपं असतं हा वरचा फायदा.

मुंबईत हे जमून कसं येतं

सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एवढ्या पाण्यात कलमं कुठे उभी असतात ते बघा: रस्त्याकडेच्या नर्सरीत ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या कोब्यावर, एकाला एक चिकटून. पिशवी काळ्या पॉलिथिनची. तिची भोकं खालून बसलेली, नाहीतर बाहेर आलेल्या मुळांनीच बुजलेली. आत लाल माती दाबून भरलेली, कारण गच्च पिशवी ट्रकमध्ये हलत नाही. वरून पाऊस, आणि सवयीने नळीचं पाणीही. पाऊस चालू असताना नळीने पाणी घालणारा माळी पाहिला नसेल असा मुंबईकर विरळा.

मग चार दिवसांची उघडीप येते. धो धो पावसात न उडणाऱ्या माद्या उबदार, शांत संध्याकाळी बाहेर पडतात. तेव्हा आठवडाभर पाण्यात उभी राहिलेली कलमं इथेनॉल सोडत असतात.

यात आणखी एक भर पडते, तिच्याकडे कुणी फारसं पाहत नाही. पावसाळ्यापूर्वी शहरात झाडांची छाटणी होते, जूनच्या वाऱ्यात फांद्या मोडून पडतात. त्या ओल्या फांद्यांचे ढीग कुठेतरी कोपऱ्यात पडून राहतात. ताजं तोडलेलं ओलं लाकूड हे या भुंगेऱ्यांचं आवडतं घर आहे. असा ढीग नर्सरीच्या कुंपणाला टेकून असेल, तर भुंगेऱ्यांची पैदास दारातच होते.

मोठी झाडं टिकतात, कलमच का मरतं?

जागेचा हिशोब आहे. जुन्या आंब्याच्या बुंध्यात दहा-वीस बोगदे झाले तरी पाणी वर नेणाऱ्या बाकी नळ्या शाबूत राहतात. कलमाचं खोड बोटाएवढं. त्यात मादी सालीतून आत शिरली की लगेच गाभ्यापर्यंत पोचते, आणि चार बोगद्यांनी अर्धी वाट बंद होते. उरलेल्या नळ्या बुरशी भरून टाकते. भुंगेऱ्याने आणलेल्या बुरशीमागून इतर रोगट बुरशाही त्या भोकांतून आत जातात. कलमाचा जोड आधीच नाजूक. हल्ला जोडाच्या खाली झाला तर वरचा आंबा-चिकू जातो आणि पुढे फुटतो तो खालचा खुंट, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलेलं असतं ते. चिकूचं कलम घेतलं आणि दोन वर्षांनी खिरणी वाढली, अशी तक्रार करणाऱ्यांपैकी काहींच्या बाबतीत हेच घडलेलं असू शकतं.

'पण झाड तर निरोगी दिसत होतं!'

दिसणारच. मुळं गुदमरायला लागल्यावर इथेनॉल काही दिवसांत सुटू लागतं. पानांवर त्याची कळा यायला त्याहून वेळ लागतो. डोळ्यांना तजेलदार वाटणारं झाड भुंगेऱ्याच्या लेखी आजारी असतं, आणि तो बरोबर असतो.

तरीही या आक्षेपात तथ्य आहे. सगळे भुंगेरे सारखे नाहीत. कॉफीच्या मळ्यात कोवळ्या डहाळ्या पोखरणारी एक जात जिवंत, बऱ्या झाडांवरही बसते. श्रीलंकेच्या चहामळ्यांना पिढ्यानपिढ्या छळणारा 'शॉट होल बोअरर' आणि त्याचे सख्खे भाऊबंद तर धडधाकट झाडंही सोडत नाहीत. इस्रायलमध्ये आणि कॅलिफोर्नियात त्यांनी ॲव्होकॅडोच्या बागा धरल्या. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात त्यांच्यातला एक २०२१ मध्ये सापडला आणि पुढे हजारो झाडं तोडावी लागली. आपला भारतीय उपखंड आणि आग्नेय आशिया हे या गटाचं मूळ घर. त्यामुळे 'पाण्याचा निचरा केला की भुंगेरा येणारच नाही' असं मी म्हणणार नाही. निचरा केल्यावर हल्ल्याचं मोठं कारण जातं, एवढं नक्की.

'औषध मारलं की झालं ना?'

इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात. भुंगेरा आत असताना बाहेरून फवारलेलं स्पर्शजन्य औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. मग लोक आंतरप्रवाही औषध देतात, म्हणजे झाडाच्या रसातून सगळीकडे पोचणारं. पण हा किडा झाडाचं लाकूड किंवा रस खातच नाही, बुरशी खातो. ताटात विष आहे, आणि पाहुणा त्या ताटात जेवत नाही.

उपयोग होतो तो आधी केलेल्या उपायाचा: खोडाच्या सालीवर औषधाचा थर, मादी पोखरायला बसायच्या आत. डाळिंबवाले गेरूत कीटकनाशक मिसळून खोडाला मुलामा देतात तो याचसाठी. मुंबईच्या पावसात असा थर किती टिकेल हा प्रश्न आहेच, आणि मुळाशी पाणी तसंच असेल तर तो लावून फारसं साधत नाही. मोठी लागवड असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची किंवा डाळिंबासाठी सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची त्या-त्या वर्षाची शिफारस बघा. दुकानदाराच्या सल्ल्यावर बाटली उचलू नका. गच्चीवर, जिथे मुलं खेळतात आणि कपडे वाळतात, तिथे तर नकोच.

'कोकणात आंब्याला भिरूड लागतो, तो हाच का?'

नाही, आणि ही गल्लत महागात पडते. भिरूड हा लांब मिशांचा, बोटाच्या दोन पेरांएवढा मोठा भुंगेरा. त्याची जाड, पिवळट अळी खोडात शिरून स्वतः लाकूड खाते आणि महिनोन्‌महिने आत राहते. भोक मोठं, आणि बुंध्याशी लाकडाचा जाडाभरडा भुसा पडलेला. त्यावर कोकणातला जुना उपाय चालतो: तारेचा आकडा घालून अळी ओढून काढायची, औषधात भिजवलेला बोळा भोकात कोंबायचा, वरून चिखलाने लिंपायचं. एक भोक, एक अळी, हिशोब सरळ.

टाचणीएवढ्या भोकांत तार जात नाही. गेली तरी आत एक अळी नसते, सगळं कुटुंब असतं. आणि बोटाएवढ्या खोडाच्या भोकांत रॉकेल-पेट्रोल ओतलं तर भुंगेऱ्याच्या आधी कलम मरतं.

कलम घेताना काय बघायचं

खोडाचा खालचा वीतभर भाग. बहुतेक भोकं तिथेच असतात, आणि गिऱ्हाईक बघतं शेंड्याकडे. भोकातून कधीकधी पांढरट भुशाची बारीक काडी बाहेर डोकावते, दात कोरायच्या काडीच्या जाडीची. ती दिसली तर शंकाच नको. पण पावसाने आणि वाऱ्याने ती सहज मोडून पडते, म्हणून काडी नाही म्हणजे भुंगेरा नाही असं समजू नये. पावडरसारखा भुसा, सालीवर ओला काळपट डाग, डिंकाचा थेंब, हेही बघा.

पिशवी उचलून बघा. अंदाजापेक्षा फार जड लागली, तळातून पाणी ठिबकत राहिलं, मातीला आंबूस वास आला, तर खोड स्वच्छ असलं तरी ते कलम घेऊ नका. शेजारच्या चार कलमांना भोकं असतील तरीही. महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९ पासून कायदा आहे, परवाना लागतो. परवान्याचा क्रमांक विचारायला आणि बिल मागायला संकोच कशाला? परवाना असला म्हणून भुंगेरा येत नाही असं नाही, पण कलम मेल्यावर बोलायला कुणीतरी असतं.

घरी आणल्यावर कुंडीखालची बशी काढून टाका, निदान पावसाळ्यात. कुंडीखाली दोन विटा ठेवा. पिशवी फाडून मोठ्या भांड्यात लावताना मातीत भरड काहीतरी मिसळा, आणि खोड पिशवीत होतं तेवढंच मातीत जाऊ द्या. बोटाचं एक पेर मातीत घालून बघायचं. ओल लागली तर पाणी नाही. झाडागणिक फरक आहे. पेरू पाण्यात बराच तग धरतो, आंबा बेताचा. पपई आणि ॲव्होकॅडो यांना तुंबलेलं पाणी अजिबात सोसत नाही, आणि ॲव्होकॅडो तर या भुंगेऱ्यांच्या आवडीचं. गच्चीवर ॲव्होकॅडो लावणाऱ्यांचं मला कौतुक आहे, पण मुंबईच्या पावसात ते उघड्यावर ठेवू नये.

सॅनिटायझरचा सापळा

भुंगेरे आपल्या भागात आहेत का, हे घरबसल्या कळतं. कोविडच्या काळातली सॅनिटायझरची बाटली अजून कपाटात असेल तर तिच्यावर इथिल अल्कोहोल लिहिलंय का बघा. आयसोप्रोपिल असेल तर या कामी भरवशाची नाही. प्लास्टिकच्या बाटलीला बाजूने खिडक्या कापा, आत सॅनिटायझरची छोटी डबी उघडी टांगा, तळाशी साबणाचं पाणी ठेवा आणि बाटली गुडघा ते कमरेच्या उंचीवर अडकवा. आठवड्याने पाणी गाळलं की तपकिरी ठिपके मोजता येतात. सापळा कलमांपासून दूर ठेवा, नाहीतर आमंत्रण आपणच दिल्यासारखं होईल. याने भुंगेरे संपत नाहीत. केव्हा सावध व्हायचं ते कळतं.

भोकं दिसलीच, तर?

एक-दोन भोकं असतील तर झाड उपटू नका. प्रत्येक भोकाभोवती पक्क्या शाईच्या पेनाने गोल करा आणि तारीख टाका. पाणी आवरा, निचरा करा. दोन आठवड्यांत नवं भोक पडलं नाही आणि पालवी टिकली, तर बऱ्याचदा झाड सावरतं. भोकं जोडाच्या बरीच वर, फांदीवर असतील तर फांदी निरोगी भागापर्यंत कापा.

खोडाच्या तळाशी सातआठ भोकं आणि पानं मलूल, तर ते कलम वाचत नाही. ते तसंच सोसायटीच्या कोपऱ्यात फेकू नका. आतल्या माद्या महिनाभरात शेजारच्या पेरूवर जातील. खोडाचे पेरभर तुकडे करून उभे चिरा आणि छताखाली कोरड्या जागी पसरून खडखडीत वाळवा. ओल गेली की बुरशी मरते, बुरशीवरच्या अळ्या उपाशी मरतात. घरातल्या कपाटाला किंवा दाराला हा भुंगेरा लागत नाही तोही याच कारणाने: त्याच्या पिकाला ओलं लाकूड लागतं. फर्निचरमधून पिठासारखा भुसा पडत असेल तर तो किडा वेगळा, आणि त्याची भानगडही वेगळी.